टोपलीच्या ब्रेकचं पेटंट

काकवीची बरणी पाचव्या मजल्यावरून सुटली तर ती कुठवर उडते, हे आमच्या शुब्रा भागातल्या गल्लीत कुणालाही विचारा. बरणी आमची होती. ज्या गाडीच्या टपावर ती फुटली ती पहिल्या मजल्यावरच्या उस्ताज कदरी वकिलांची होती. आणि ज्या हातातून दोरी सुटली तो हात माझ्या बायकोचा, इन्शिराहचा होता. तिचा खांदा तेव्हा धरला होता. मी घरातच होतो, पण पेपर वाचत होतो, आणि पेपर वाचणाऱ्या माणसाला टोपली ओढायला सांगायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे. निदान मी तरी तसं समजत होतो.

आमच्या गल्लीत गॅलरी तिथे टोपली आणि टोपली तिथे दोरी. वरून ओरडायचं, "हाज मितवल्ली, सहा अंडी आणि थोडं पांढरं चीज!" की खालचा वाणी टोपलीत माल ठेवतो आणि आपण ती वर ओढून घेतो. इमारतीला लिफ्ट आहे. ती तळमजल्यावर राहते.

उस्ताज कदरींच्या गाडीचं फारसं वाईट झालं नाही. गल्लीतल्या मांजरांनी ती चाटून इतकी लख्ख केली की शोरूममधून आणली तेव्हाही ती अशी चमकत नव्हती, असं ते नंतर स्वतःच म्हणाले. पण त्या दिवशी मात्र सगळी गल्ली खाली जमली होती आणि इन्शिराह गॅलरीत खांदा धरून उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं सगळं शहर पाणी पितं म्हणे याच्या खात्यामुळे. घरात एक टोपली धड वर येत नाही."

आता माझ्या खात्याबद्दल एवढंच सांगतो की मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चुकलेली बिलं दुरुस्त करतो. दुसऱ्यानं लिहिलेलं, तिसऱ्यानं चुकवलेलं, चौथ्याच्या सहीनं बरोबर करायचं. त्यात माझं असं काही नसतं. उभ्या आयुष्यात मी अशी एकही गोष्ट केली नव्हती की जी माझ्याआधी कुणीतरी केलेली नव्हती. लग्नसुद्धा वडिलांनी ठरवलं होतं तसंच केलं. हे एरवी मनाला लागत नाही, पण काकवी निथळत असताना लागलं.

मी पलंगाखालची पेटी ओढली. जुन्या शिवणयंत्राचं चाक होतं, मोडक्या खुर्चीच्या पायाचं लाकूड होतं, दाराची स्प्रिंग होती. सगळं गॅलरीच्या कठड्याला आवळून बसवलं आणि चाकापाशी लाकडाची एक छोटी जीभ ठेवली. दोरी हळू सोडली तर जीभ गप्प पडून राहते. दोरी सुसाट सुटली की ती कलते आणि दोरीला चावते. सांगायला सोपं आहे. ते जमेपर्यंत माझी बोटं इतक्या वेळा चावली गेली की इन्शिराहनं हळदी रंगाचं मलम जेवणाच्या टेबलावरच आणून ठेवलं, मिठाच्या शेजारी.

मग एका शुक्रवारी, नमाजानंतर गल्ली भरलेली असताना, मी टोपलीत कलिंगड ठेवलं, ती कठड्याबाहेर धरली आणि सोडून दिली.

खाली कुणीतरी किंचाळलं. कलिंगड हातभर पडलं, खट् असा आवाज झाला, आणि ते थांबलं. हवेत. मधोमध. नुसतं हलकं हलकं डोलत होतं. अहो, मी सांगतो, मी स्वतः आ वासून बघत राहिलो. हे मी केलं होतं. खाली पडणारी वस्तू पडायची थांबली होती आणि ते माझ्यामुळे. इन्शिराह माझ्या मागे उभी होती, ती एक शब्द बोलली नाही. तिला गप्प झालेलं मी त्याआधी फक्त दाताच्या डॉक्टरकडे बघितलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर फिक्रिया अब्ला राहतात. शाळेत भूगोलाच्या अब्ला, म्हणजे बाई, म्हणून निवृत्त झाल्या, पण सगळी गल्ली अजून त्यांच्या वर्गातच बसलेली आहे असं त्यांना वाटतं. त्या जिने चढून धापा टाकत आल्या, माझ्या यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "माशाअल्ला! काय देखणी वस्तू केलीस ही, बहगत!"

आता आमच्याकडे कुणी आपल्या वस्तूचं कौतुक केलं की तोंडातून आपोआप निघतं, "तुमचीच आहे, घेऊन जा." तसं मनात नसतं. समोरच्यानंही "छे छे, तुमच्याकडेच शोभते" म्हणायचं असतं आणि दोघांनी चहा प्यायचा असतो. एवढाच तो कार्यक्रम. मी म्हणालो, "तुमचीच आहे, अब्ला."

"बरं," अब्ला म्हणाल्या. "पाना आहे का सोडवायला?"

तर पहिलं यंत्र असं गेलं. मी दुसरं केलं. ते बघायला समोरच्या इमारतीतली माणसं आली आणि त्यांनीही तोंड भरून कौतुक केलं. कलणारी जीभ काय फक्त लाकडाचीच असते असं नाही; माझ्याही तोंडून पुन्हा 'तुमचीच आहे' निघून गेलं. रमजान येईपर्यंत मी गल्लीतल्या तमाम मोडक्या खुर्च्या संपवल्या होत्या आणि संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी सगळ्या गॅलऱ्यांतून टोपल्या खाली यायच्या, खट् करून थांबायच्या, वर जायच्या. मी चहा घेऊन बघत बसायचो. खोटं कशाला बोलू, छाती भरून यायची.

पेटंटची गोष्ट काढली उस्ताज कदरींनी. ते घरभाड्याच्या खटल्यांचे वकील आहेत. जुन्या भाड्यानं राहणाऱ्या माणसाला घराबाहेर काढणं किंवा न काढू देणं, यातच त्यांची हयात गेली. ते जिन्यात मला अडवून म्हणाले, "बाशमुहंदिस, हे नोंदवून घ्या. उद्या कुणी हरामखोर येईल आणि म्हणेल माझंच आहे."

मी इंजिनियर नाही, आणि हे त्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवसापर्यंत मला बाशमुहंदिस फक्त टॅक्सीवाले म्हणत. वकिलानं म्हटल्यावर मला ते कुठेतरी पटलं.

"पण त्यानं होतं काय?" मी विचारलं.

"सरकार लिहून देतं, की जगात सगळ्यात आधी हे बहगतनं केलं."

जगात सगळ्यात आधी! मी घरी येऊन जेवलोच नाही. इन्शिराहनं मुलूखियाच्या पालेभाजीचा वाडगा माझ्यासमोर दोनदा गरम करून ठेवला आणि शेवटी स्वतः खाल्ला. "जगात सगळ्यात आधी," मी तिला सांगितलं.

"जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल," ती म्हणाली, "कारण जगात लोकांना कामं असतात."

पण दुसऱ्या दिवशी मी अर्जासाठी नकाशे काढणाऱ्याकडे यंत्र घेऊन निघालो, तर तिनं त्याच्या चाकाला निळा मणी बांधलेला दिसला. "एवढ्या लोकांची नजर पडलीये त्याच्यावर," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पेटंटचं ऑफिस मी बाहेरूनच बघितलं आणि आधी बूट पुसले. आमच्या पाणीखात्यात माणूस शिरतो तो आवाज चढवूनच शिरतो. इथे दाराशीच माझ्या बुटांना लाज वाटली. लांबच लांब सभागृह, बाकांवर माणसं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर चादरीत किंवा पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. कुणी कुणाच्या गाठोड्याकडे बघत नव्हतं. माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्याच्या पोत्यातून मधूनच घरघर ऐकू यायची. मी घसा खाकरला, तशी त्यानं पोतं दुसऱ्या मांडीवर घेतलं. मला एकदम वाटलं, या बाकावर आत्ता बसलेल्या सगळ्यांच्या मांडीवर असं काहीतरी आहे की जे जगात अजून नाही. मी माझी चादर नीट खोचून घेतली.

माझा अर्ज तपासायला मॅडम राविया होत्या. पातळ चष्मा, मऊ आवाज, टेबलावर थंड झालेला चहा. त्यांनी नकाशा उलगडला आणि बराच वेळ एका जागी बोट ठेवून राहिल्या.

"उस्ताज बहगत, भाग क्रमांक सात. याचं कार्य काय?"

मी वाकून बघितलं. नकाशे काढणाऱ्या गृहस्थानं प्रामाणिकपणे मणी काढला होता. त्याला बाण दाखवला होता, क्रमांक दिला होता, आणि शेजारी व्याससुद्धा लिहिला होता.

"नजर लागू नये म्हणून आहे, मॅडम."

"यानं दोरी थांबते?"

"दोरी नाही. हाज मितवल्लीची बायको थांबते."

मॅडम हसल्या नाहीत. त्या नुसत्या मान हलवून म्हणाल्या, "हा भाग वगळावा लागेल. निळ्या मण्याचा शोध आधीच लागलेला आहे." आणि त्यांनी पेन्सिलीनं त्यावर हलकी रेघ मारली. पुसून टाकला नाही, नुसती रेघ मारली, हे मला बरं वाटलं. घरी मात्र मी हे बोललो नाही.

मग त्यांनी मला जो प्रश्न विचारला, त्याबद्दल मी अजूनही विचार करतो. त्या म्हणाल्या, "आता मला सांगा, यात तुमचं नक्की काय आहे?"

"सगळंच माझं आहे!"

"दोरी तुमची?"

"दोरी बाजारातली."

"चाक?"

"शिवणयंत्राचं."

"लाकूड, स्प्रिंग, कठडा?"

एकेक वस्तू त्यांनी टेबलावरून बाजूला सरकवल्यासारखी बाजूला केली. चाक माझं नाही. दोरी माझी नाही. थांबवणंही माझं नाही, टांग्याचा घोडासुद्धा थांबतो. सगळं काढून घेतल्यावर माझं म्हणून काही उरतंय की नाही, तेच कळेना. शेवटी मी बोट वाकडं करून दाखवलं. "हे. ही जीभ अशी कलते ना, हे कलणं."

"किती?"

"एवढं."

मॅडमनी माझ्या बोटाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "हं," त्या म्हणाल्या, "हे लिहू या." आणि त्यांनी ते कलणं असं काही लिहिलं, अशा भारदस्त, गोल गोल वाक्यांत, की मला माझीच जीभ ओळखू येईना. मला ती वाक्यं मशिदीत वाचून दाखवावीत इतकी सुंदर वाटली. एवढ्या मोठ्या जगात तेवढंसं कलणं माझं होतं. मला त्या इमारतीबाहेर आल्यावर रस्ता ओलांडता येईना, इतका मी भारावून गेलो होतो. एका बाईनं मला हाताला धरून पलीकडे नेलं. तिला वाटलं मला दिसत नाही.

"आता मी विचारणार," मॅडम म्हणाल्या होत्या.

"कुणाला?"

"जगाला."

आणि खरंच विचारलं! जपानला विचारलं, जर्मनीला विचारलं, ब्राझीलला विचारलं. जिथे जिथे माणसांनी आपापली डोकी चालवून काही नोंदवून ठेवलंय, तिथे तिथे शुब्रातल्या एका टोपलीबद्दल चौकशी झाली. मी ऑफिसात बिलं दुरुस्त करता करता मधेच थांबायचो. आत्ता कदाचित एखादा जपानी माझ्या जिभेबद्दल वाचत असेल! माझ्या साहेबांनी दोनदा विचारलं की तुमची तब्येत बरी आहे ना.

दरम्यान गल्लीला त्या यंत्रासाठी नाव हवं होतं. "टोपलीचा ब्रेक" हे माझं नाव कुणीही उच्चारलं नाही. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि समोरच्या गॅलरीतून मोठ्यानं आवाज आला, "अगं, बहगतला तेल घाल, कालपासून करकरतोय!" मी वस्तरा खाली ठेवला. दुसरा आवाज आला, "आमचा बहगत तर मधेच अडकतो. एक धपाटा घातला की सुटतो."

इन्शिराह स्वयंपाकघरात ओढणीचं टोक तोंडात धरून हसत होती. त्यानंतर महिनाभर, मी काही विसरलो किंवा उशिरा उठलो की ती एवढंच म्हणायची, "तेल घालू का?" उस्ताज बहगत म्हणून या गल्लीत मी जी काही पत कमावली होती, ती सगळी दोरीवर टांगली गेली. फिक्रिया अब्लांकडे तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "रागावतोस कशाला? लोक प्रेमानं म्हणतात." आणि वर हाताखालचा बहगत खट् करून लावला.

मग मॅडम रावियांचा फोन आला. मला उत्तर ऐकायला बोलावलं होतं. मी कोट घातला, लग्नातला. मॅडमनी चष्मा काढला आणि सांगितलं, "जगात कुठेही सापडलं नाही."

मी पाणी मागितलं. पाणीखात्याचा माणूस, पण तो पेला मला आयुष्यभर लक्षात राहील.

"एकच गोष्ट उरली आहे," त्या म्हणाल्या. "अर्ज करायच्या आधी हे कुठे लोकांसमोर वापरात होतं का, ते मला कळायला हवं. त्याबद्दल काय सांगायचं असेल ते पुढच्या वेळी घेऊन या."

हा प्रश्न मी तसाच्या तसा उस्ताज कदरींपुढे ठेवला, आणि चूक झाली ती इथे. त्यांचे डोळे चमकले. आयुष्यभर ज्या प्रश्नावर त्यांनी खटले जिंकले होते, तोच प्रश्न शेवटी पेटंटवाल्यांनीही विचारला होता.

"वहिवाट!" ते म्हणाले. "त्यांना वहिवाट बघायची आहे! जितकी जुनी, तितका तुमचा हक्क पक्का. भाडेकरू चाळीस वर्षं राहतोय म्हटल्यावर त्याला कोण हलवणार? साक्षीदार आणू या."

मला ते पटलं. कुणाला पटलं नसतं? आमच्याकडे सगळं असंच चालतं. जे जुनं ते आपलं.

एका मिनीबसमध्ये गल्ली भरली. फिक्रिया अब्ला पुढच्या सीटवर, हातात पर्स. हाज मितवल्ली दुकान बंद करून आले होते, जे त्यांनी मुलीच्या साखरपुड्यालाही केलं नव्हतं. वाटेत उस्ताज कदरी सगळ्यांची तयारी करून घेत होते. "घाबरायचं नाही. विचारलं तर मोकळेपणानं सांगायचं, की आम्ही हे फार पूर्वीपासून वापरतो." माझ्यासाठी एवढी माणसं आपलं कामधाम सोडून आली, या विचारानं माझे डोळे भरून आले होते. मी खिडकीकडे तोंड केलं.

मॅडम रावियांच्या खोलीत सगळे बसतील एवढ्या खुर्च्या नव्हत्या. अब्लांना खुर्ची दिली, बाकीचे भिंतीला टेकले.

"हे यंत्र तुम्ही वापरता?" मॅडमनी विचारलं.

"दोन वर्षं झाली," अब्ला म्हणाल्या. "गल्लीतलं पोर न् पोर जाणतं."

मॅडमची लेखणी थांबली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

हाज मितवल्लींना ते कमी वाटलं. "कसली दोन! मी तर सात-आठ वर्षं बघतोय. रोज टोपल्या मीच भरतो, मला ठाऊक नसणार?"

"माझ्या सासूच्या वेळचं आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"सासू काय, या वस्तूशिवाय शुब्रा होतं कधी?" हाज म्हणाले. त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. "अख्ख्या शुब्राला विचारा! हा माणूस सोन्यासारखा आहे, मॅडम. याचं यंत्र आमच्या बापजाद्यांनी वापरलंय!"

उस्ताज कदरी हात बांधून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागल्याचं समाधान होतं. मॅडमनी लेखणी टेबलावर ठेवली. अगदी हळू ठेवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

"उस्ताज बहगत, लोकांच्या हातात आधीपासून असलेली वस्तू नवी म्हणून मला कशी नोंदवता येईल?"

एकेक करून सगळ्यांच्या लक्षात आलं. हाज मितवल्लींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ते खोटं बोलतायत!" मी ओरडलो. "सगळे खोटारडे आहेत, मॅडम! बापजादे कुठले? रमजानच्या थोडं आधी केलं मी हे!"

"आणि अर्ज कधी केलात?"

खोटं बोलायचं असतं तर ती एकच वेळ होती. माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळच्या त्या टोपल्या आल्या. "उन्हाळा संपल्यावर," मी म्हणालो. "तोवर मी गल्लीत सगळ्यांना बनवून दिलं होतं. अब्लांनी कौतुक केलं, मी म्हटलं तुमचंच आहे."

"अरे, मग मी नको म्हणायला हवं होतं," अब्ला पुटपुटल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या आपली चूक कबूल करत होत्या. त्यांचा आवाज ऐकून माझा सगळ्यांवरचा राग एकदम उतरला.

मॅडमनी माझी फाइल बंद केली. नियम म्हणजे नियम. पण दारापर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. "एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "मी जगाला विचारलं होतं, आणि जगात कुणाकडे हे नव्हतं. फक्त तुमच्या गल्लीकडे होतं."

गल्लीत उतरल्यावर हाज मितवल्लींनी माझ्या हातात खजुराची पिशवी कोंबली आणि शटर वर केलं. इन्शिराहनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि एकही टोमणा मारला नाही. तिनं माझा कोट काढून घेतला, झटकला, कपाटात नीट टांगला. मी म्हणालो, "इन्शिराह, बहगतच्या आधीही बहगत होताच म्हणे." आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही. ती शेजारी बसून राहिली, दुखऱ्या खांद्यावर माझं डोकं टेकू दिलं.

उस्ताज कदरी हार मानणाऱ्यांतले नव्हेत. चार दिवस ते तोंड चुकवत होते, पाचव्या दिवशी दारात हजर. "वस्तू गेली तर जाऊ दे," ते म्हणाले. "नाव आहे ना! व्यापारचिन्ह घेऊ. 'बहगत' हे नाव तुमच्याशिवाय कुणाला त्या वस्तूवर लावता येणार नाही. आणि या वेळी साक्षीदार नकोत," हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मला उत्साह नव्हता. पण नावाबद्दल मात्र मन अडलं. कलणं गेलं, निदान नाव तरी माझं म्हणून कुठेतरी लिहिलेलं असावं. वडिलांनी दिलेलं नाव, ते तरी माझ्याआधी त्या लाकडावर कुणाचं नव्हतं. मी अर्ज केला.

चिन्हांचं ऑफिस नदीपलीकडे होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे मी आयुष्यात दोन-तीनदाच गेलो असेन. तिथे उस्ताज वदीअ म्हणून एक वयस्कर अधिकारी होते. सावकाश बोलायचे, आणि बोलता बोलता तिळाची कडक भाकरी मोडून चहात बुडवायचे. त्यांनी माझा अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुमचं नाव बहगत?"

"हो."

"खरंच तुमचं नाव?"

मी ओळखपत्र पुढे केलं. ते त्यांनी हातात घेऊन कितीतरी वेळ न्याहाळलं. मग उठले आणि म्हणाले, "जरा इकडे या."

खोलीच्या मागच्या बाजूला खिडकी होती. खाली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उंच इमारती, गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे. आणि टोपल्या. एक वर चालली होती, दोन खाली येत होत्या. कठड्यांवर लाकडाचे ठोकळे बसवलेले होते, त्यांतल्या एकाला हिरवा रंग दिला होता, एकावर कुणी फूल कोरलं होतं. तसे मी कधी केले नव्हते. कुणी केले होते, मला माहीत नव्हतं. समोरच्या सहाव्या मजल्यावरून एक बाई खाली वाकून ओरडली, "थांब रे, बहगत घट्ट बसलाय! सोडते!" आणि खट् आवाज झाला.

"ओळखता यांना?" उस्ताज वदीअंनी विचारलं.

"नाही."

"त्या तुम्हाला ओळखतात?"

"नाही."

"मग सांगा, हा शब्द मी तुमच्या एकट्याच्या नावावर कसा करू?" ते म्हणाले. "चमचा कुणाच्या नावावर करता येत नाही. बादली करता येत नाही. लोकांनी हा शब्द घेतला आणि ते वापरायला लागले. आता तो परत घेणं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही." मग ते जरा थांबले. "माझ्या घरीपण आहे. माझी बायको दिवसातून दहादा तुमचं नाव घेते, आणि मला आजवर वाटत होतं की हा काहीतरी जुना तुर्की शब्द असेल."

त्यांनी अर्जावर नकार लिहिला. मग टेबलाला वळसा घालून आले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

मी खाली उतरलो आणि त्या गल्लीत शिरलो. वर बघत चाललो होतो, दोनदा धडकलो. लोक वरून टोमॅटो मागत होते, साबण मागत होते, आणि मधेमधे, सहज, जसं दार म्हणावं किंवा खिडकी म्हणावं तसं, माझं नाव घेत होते. कुणी ते माझ्यासाठी घेत नव्हतं. मी नसतो तरी घेतलं असतं, मी गेल्यावरही घेतील. मी त्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानासमोर उभा राहिलो. तो कुणाच्या तरी टोपलीत अंडी ठेवत होता.

"हे वर लावलंय ते काय आहे?" मी विचारलं.

"बहगत," तो मान वर न करता म्हणाला.

"बहगत म्हणजे कोण?"

"कोण कशाला असेल? वस्तू आहे ती, चाचा. टोपली पडू देत नाही." त्यानं दोरीला हलका झटका दिला, टोपली वर निघाली, आणि मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कुठले? तुमच्याकडे काय म्हणतात याला?"

टोपली सहाव्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर मी तिच्याकडे बघत राहिलो.

"आमच्याकडेही बहगतच म्हणतात," मी म्हणालो.